आपल्याच पेटंटांपुढे हरलेले दोन संशोधक

लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली एक छोटा, जाडजूड कॅमेरा हातोहात फिरत असतो. खटका दाबला की त्यातून पांढरं कार्ड बाहेर येतं आणि दोन-तीन डोकी लगेच त्यावर वाकतात. आधी नुसता दुधी पडदा. मग कुठेतरी साडीचा काठ उमटतो, मग चेहरे, मग केसांतला गजरा. कोणीतरी ते कार्ड जोरजोरात हलवतं. त्याची खरं तर गरज नसते, कारण जे काही घडतंय ते कार्डाच्या आत, बंद थरांमध्ये घडतंय.

त्या कार्डाची एक कड बाकीच्या तीन कडांपेक्षा रुंद असते. बऱ्याच जणांना वाटतं की ती नाव-तारीख लिहायला सोडलेली जागा आहे. तिथे एक चपटी पुडी दडलेली असते. पुडीत घट्ट, चिकट, अल्कधर्मी रसायन असतं. कार्ड बाहेर पडताना दोन रुळांमधून चेपलं जातं, पुडी फुटते, रसायन सगळीकडे सारखं पसरतं आणि त्या कार्डाच्या आत एक अख्खी डार्करूम कामाला लागते.

हे तंत्र ज्यांनी पहिल्यांदा घडवलं त्यांच्यातले दोघं, एडविन लँड आणि हॉवर्ड रॉजर्स, एक पेटंट मागायला गेले आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यांना सांगितलं, यात नवं काय आहे, हे तर कोणालाही सुचलं असतं. 'आधीपासून ठाऊक असलेलं' म्हणून त्यांच्यासमोर जे कागद ठेवले गेले ते त्या दोघांचेच होते. वाद कोर्टात गेला. तिथेही ते हरले. हा निकाल समजून घेतला की पेटंट कायद्यातला सगळ्यात निसरडा शब्द हातात येतो, म्हणून तो नीट उलगडून सांगतो. पण आधी रसायन.

हळदीचा डाग

पांढऱ्या शर्टावर वरणाचा थेंब पडतो. पिवळा डाग. घाईघाईत त्यावर साबण चोळला की डाग एकदम लालभडक होतो आणि आपण घाबरतो. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळला की लाल होते, हे तर कुंकवामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. साबण आणि चुना दोन्ही अल्कधर्मी, लिंबू आम्ल. हळदीच्या रेणूवर काही खास जागा असतात. अल्कलीत त्या जागांवरचा हायड्रोजन निघून जातो आणि रेणूवर ऋण भार येतो. रेणू तोच, पण त्याचं वागणं बदलतं.

अशाच जागा हायड्रोक्विनोन नावाच्या रसायनावरही असतात. फोटोग्राफीत हे जुनंजाणतं नाव आहे. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारातून काळी चांदी बाहेर काढण्याचं काम ते करतं, म्हणून त्याला विकासक म्हणतात, डेव्हलपर. अल्कलीत त्याच्यावर भार येतो, ते पाण्यात विरघळतं, इकडून तिकडे फिरू शकतं. आणि एकदा का त्याने चांदीवर काम केलं, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण झालं, की त्या खास जागा संपतात. मग ते पाण्यात धड विरघळत नाही आणि आहे तिथेच अडकतं.

आता या विकासकाच्या पाठीला एक रंगाचा रेणू बांधा. मध्ये एक छोटी साखळी ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करणार नाहीत. तयार झालेल्या जोड-रेणूला 'रंग-विकासक' म्हणू. जिथे प्रकाश पडलाय तिथे त्याच्या विकासक भागाला काम मिळतं, तो अडकतो आणि पाठीवरचा रंगही त्याच्याबरोबर अडकून पडतो. जिथे प्रकाश पडलेला नाही तिथे काम नाही, म्हणून तो मोकळा सुटतो, रंगाला घेऊन वरच्या थरापर्यंत पोचतो. वरच्या थरात त्याला धरून ठेवणारं द्रव्य असतं. कापड रंगवताना आधी तुरटी लावतात ती जशी रंगाला धाग्याशी बांधते, तसंच काम हे द्रव्य करतं.

फिल्ममध्ये अशा तीन जोड्या एकावर एक असतात. निळा प्रकाश ओळखणाऱ्या थराजवळ पिवळा रंग, हिरवा ओळखणाऱ्या थराजवळ किरमिजी आणि लाल ओळखणाऱ्या थराजवळ मोरपिशी, ज्याला छपाईवाले सायन म्हणतात. समोर लाल जास्वंद आहे असं समजा. लाल प्रकाश फक्त लाल ओळखणाऱ्या थरावर परिणाम करतो, तिथला मोरपिशी अडकतो. पिवळा आणि किरमिजी मोकळे असतात, ते वर येतात. पिवळा अधिक किरमिजी म्हणजे लाल. कार्डावर जास्वंद उमटतं. पांढऱ्या भिंतीपाशी तिन्ही थरांवर प्रकाश पडतो, तिन्ही रंग अडकतात आणि वर पांढरं राहतं. काळ्या केसांपाशी एकाही थरावर प्रकाश पडत नाही, तिन्ही रंग वर येतात आणि काळं दिसतं.

याआधी रंग कागदावर चढवण्याची एक फार सुंदर पण कष्टाची पद्धत होती. एकाच चित्राचे तीन जिलेटिनचे ठसे करायचे, प्रत्येक ठसा एकेका रंगात भिजवायचा आणि कागदावर तंतोतंत एकाच जागी, एकामागून एक दाबायचा. ठसा केसभर सरकला की कडेला दुसऱ्या रंगाची रेघ दिसायची. त्या पद्धतीत रंग कुठे जावा हे कारागिराचे हात ठरवायचे. जोड-रेणूमध्ये ते चांदीचा कण ठरवतो, अंधारात, काही सेकंदांत. मला हा बदल विलक्षण वाटतो. कारागिरी संपली नाही, ती रेणूच्या बांधणीत गेली.

लँड आणि रॉजर्स

१९४३ मध्ये एडविन लँड कुटुंबासह न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला सुट्टीवर गेले होते. त्यांच्या छोट्या मुलीने, जेनिफरने, विचारलं की आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही बघता येत? लँड तेव्हा पोलरॉइड ही कंपनी चालवत होते. पाच वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९४८ ला, बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात त्यांचा पहिला झटपट कॅमेरा विक्रीला आला. त्याचे फोटो तपकिरी छटेचे होते. रंग अजून दूर होता.

रंगाचं काम लँडनी हॉवर्ड रॉजर्स या सहकाऱ्याकडे सोपवलं. रॉजर्सबद्दल एक गोष्ट सांगतात. ते बराच काळ, दोनेक वर्षं, काळ्यापांढऱ्या फोटोच्या प्रयोगशाळेत नुसते बसून बघत राहिले, आणि एक दिवस म्हणाले की आता मी सुरुवात करायला तयार आहे. रंग आणि विकासक एकाच रेणूत बांधायची कल्पना त्यांची. कल्पना सांगायला एक वाक्य पुरतं, पण ती साधायला वर्षं गेली. रंग उन्हात टिकला पाहिजे, विकासकाला आड आला नाही पाहिजे, वर पोचायला उशीर झाला नाही पाहिजे, आणि तिन्ही रंगांनी एकमेकांच्या थरात घुसखोरी करता कामा नये. रसायनतज्ज्ञांनी हजारो संयुगं बनवून बघितली. पोलाकलर नावाची रंगीत फिल्म बाजारात आली १९६३ मध्ये.

एवढ्या वर्षांत लँडनी स्वतःच्या नावाने पेटंट अर्ज केले, रॉजर्सनी स्वतःच्या नावाने केले आणि काही गोष्टी दोघांनी मिळून शोधल्या म्हणून दोघांच्या नावाने अर्ज केले. यातल्याच एका संयुक्त अर्जावर पुढचा वाद झाला.

'कोणालाही सुचलं असतं' म्हणजे कोणाला?

पेटंट मिळायला वस्तू नवी असावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं नवं असून भागत नाही. दाराच्या मुठी धातूच्या आणि लाकडाच्या होत्या, कोणी त्या चिनी मातीच्या केल्या. नवी वस्तू झाली खरी, पण १८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एवढं तर कुठलाही कसलेला कारागीर करेल. ही समज १९५२ च्या पेटंट कायद्यात कलम १०३ म्हणून लिहिली गेली. त्याचा आशय असा की शोध समग्रपणे बघितला तर, तो लागला त्या वेळी, त्या कामातल्या साधारण जाणकार माणसाला तो सहज सुचला असता का? सुचला असता, तर पेटंट नाही.

या वाक्यातला 'त्या वेळी' हा भाग सगळ्यात अवघड. कोडं सुटल्यावर उत्तर सोपंच वाटतं. मी वर जोड-रेणू चार वाक्यांत सांगितला आणि वाचताना तुम्हाला तो पटत गेला असेल. तो पटला म्हणजे तुम्हाला सुचला असता असं होत नाही. मागे वळून बघताना होणाऱ्या या फसगतीपासून न्यायाधीशही सुटत नाहीत, म्हणून १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक रीत घालून दिली. ते प्रकरण शेतीच्या अवजाराचं होतं. खडकाळ जमिनीत नांगराचे फाळ धरणारे दांडे मोडू नयेत म्हणून ग्रॅहम नावाच्या शोधकाने पकडीतला दांडा बिजागरीच्या पट्टीच्या वरून काढून खाली बसवला होता. न्यायालय म्हणालं, आधी बघा की त्या काळी काय काय माहीत होतं. मग बघा की शोध आणि ते ज्ञान यांत फरक किती. मग बघा की त्या क्षेत्रातल्या जाणकाराची पातळी काय. शिवाय बाजारात यश मिळालं का, ती गरज लोकांना फार दिवसांपासून होती का, दुसऱ्यांनी प्रयत्न करून ते अपयशी ठरले का, हेही विचारात घ्या. या कसोटीवर ग्रॅहमचं पेटंट टिकलं नाही.

आपल्याकडेही असाच खटला झाला, तोही भांड्यांचा. लेथवर भांडं घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट होतं. १९७८ च्या डिसेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवलं, कारण कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपलीकडे त्यात काही दिसलं नाही. आपल्या पेटंट कायद्यातली ही कसोटी समजावताना आजही तो निकाल पहिल्यांदा काढला जातो.

आता त्या 'साधारण जाणकार' माणसाकडे बघू. हा माणूस प्रत्यक्षात कुठेच नसतो. कायद्याने तो कल्पलेला आहे. त्याची बुद्धी बेताची, पण वाचन अफाट. त्या विषयावर जगात जे जे छापलंय ते सगळं त्याने वाचलंय असं धरलं जातं. वॉशिंग्टनमध्ये पेटंटवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयात तेव्हा जाइल्स रिच हे न्यायाधीश होते. १९५२ चा कायदा लिहिण्यात त्यांचा स्वतःचा हात होता. १९६६ च्याच एका निकालात त्यांनी या कल्पित माणसाचं चित्र रंगवलं. शोधक आपल्या कामाच्या खोलीत बसलाय आणि त्याच्या भोवतीच्या भिंतींवर आधीची सगळी पेटंटं टांगलेली आहेत. मान वर करायचा अवकाश, सगळं समोर.

हे चित्र मला फार उपयोगी वाटतं, कारण त्यामुळे खरा प्रश्न नेमका विचारता येतो. त्या भिंतीवर काय काय टांगायचं?

कुलपातले कागद

छापलेलं पुस्तक टांगायचं, मिळालेलं पेटंट टांगायचं, यात वाद नाही. पण जो अर्ज पेटंट कार्यालयात दाखल झालाय आणि अजून मंजूर झालेला नाही, त्याचं काय? त्या काळी अमेरिकेत मंजुरी मिळेपर्यंत अर्ज पूर्ण गुप्त असायचा. तो कोणी वाचूच शकत नव्हतं. मग तो भिंतीवर कसा?

या प्रश्नाचा निकाल डिसेंबर १९६५ मध्ये लागला. वॉलेस नावाच्या एका संशोधकाने २४ मार्च १९५४ ला अर्ज केला होता. त्याला पेटंट मिळालं ४ फेब्रुवारी १९५८ ला. दरम्यान, २३ डिसेंबर १९५७ ला, रेजिस नावाच्या दुसऱ्या संशोधकाचा अर्ज दाखल झाला. रेजिसचा अर्ज आला तेव्हा वॉलेसचा कागद कुलपात होता आणि बाहेर यायला ४३ दिवस बाकी होते. रेजिसने तो बघण्याची शक्यताच नव्हती. तरी कार्यालयाने तो कागद आणखी एका पेटंटाशी जोडून म्हटलं, हे सहज सुचण्याजोगं आहे. सर्वोच्च न्यायालयाने कार्यालयाची बाजू उचलून धरली. त्यांचा युक्तिवाद असा होता की वॉलेसने आपलं काम केलं होतं, अर्ज दिला होता. त्याचा कागद बाहेर यायला उशीर झाला तो कार्यालयाच्या कामकाजामुळे. त्या उशिराचा फायदा दुसऱ्याला का मिळावा?

तत्त्व म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे भिंतीवरचं चित्र बदललं. आता तिथे असे कागदही लटकू लागले जे त्या दिवशी जगातला कुठलाच बाहेरचा माणूस वाचू शकत नव्हता.

यानंतर वर्षभरातच, १९६६ मध्ये, लँड आणि रॉजर्स यांचं अपील त्याच पेटंट अपील न्यायालयासमोर आलं.

त्यांच्या संयुक्त अर्जाविरुद्ध कार्यालयाने दोन कागद पुढे केले होते. एक एकट्या लँडचं पेटंट, एक एकट्या रॉजर्सचं. दोन्हींचे अर्ज आधी दाखल झालेले. हे दोन्ही एकत्र वाचले तर संयुक्त शोध सहज सुचतो, असं कार्यालयाचं म्हणणं. अर्जदारांची बाजू ऐकली की कोणालाही सहानुभूती वाटेल. आम्ही एकाच कंपनीत आहोत, एकाच प्रयोगशाळेत आहोत, सगळी पेटंटं एकाच संशोधनातून निघालेली आहेत. आमचंच काम आमच्याच विरुद्ध 'दुसऱ्याचं काम' म्हणून कसं वापरता?

न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही, आणि त्याची कारणं बारकाईने बघण्यासारखी आहेत. पहिलं असं की कायद्याच्या नजरेत एकटा लँड हा एक शोधक, एकटा रॉजर्स हा दुसरा शोधक आणि लँड-आणि-रॉजर्स ही जोडी हा तिसराच शोधक. माणसं दोन, पण शोधक तीन. म्हणून लँडचं एकट्याचं पेटंट हे जोडीच्या दृष्टीने 'दुसऱ्याचं' ठरतं. दुसरं असं की दोघं एकत्र कामाला बसले तेव्हा आपापलं आधीचं ज्ञान सोबत घेऊनच बसले. आणि तिसरं, जे मला निर्णायक वाटतं. त्या दोन पेटंटांतला जो भाग कार्यालयाने पुढे केला तो भाग मुळात दोघांनी मिळून केलेला होता, असं कुठे दिसत नव्हतं. आपलं संयुक्त काम त्या दोन अर्जांच्या आधीचं आहे, असंही त्यांनी दाखवलं नव्हतं.

म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. प्रयोगाच्या वह्या काढून 'हे बघा, हे आम्ही दोघांनी अमुक तारखेला केलं' असं सिद्ध करता आलं असतं, तर ते कागद भिंतीवरून उतरवता आले असते. वादाचा सांधा रसायनात नव्हता, तारखांत आणि नावांत होता.

मला हा निकाल तर्काने पटतो आणि मनाला तरी खटकतो. तर्काने का पटतो ते सांगतो. तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे. एकाच कंपनीने आज लँडच्या नावाने, उद्या रॉजर्सच्या नावाने, परवा दोघांच्या नावाने थोड्या थोड्या फरकाचे अर्ज केले आणि सगळे मंजूर झाले, तर तीच कल्पना लोकांना मोकळी मिळण्याचा दिवस पुढे पुढे ढकलला जातो. हा धोका खरा आहे. खटकतं ते दुसऱ्या कारणासाठी. चांगली प्रयोगशाळा म्हणजे जिथे माणसं एकमेकांच्या टेबलावर डोकावतात, अर्धवट कल्पना मोकळेपणाने बोलून दाखवतात. रॉजर्सना दोन वर्षं नुसतं बसून बघू देणारी प्रयोगशाळा ही त्याच जातीची होती. पण या नियमाखाली वकिलाचा सल्ला काय असणार? की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते कमी बघा.

दुसरी बाजू: कोडॅक

त्या एका अर्जावर हरल्याने पोलरॉइडचं दिवाळं निघालं नाही, कारण ज्या पेटंटांनी त्यांना हरवलं ती त्यांचीच होती आणि शाबूत होती. पुढे १९७२ मध्ये लँडनी एसएक्स-७० हा कॅमेरा आणला, ज्याचं कार्ड सोलावं लागत नव्हतं, सगळं आतल्या आत व्हायचं. त्यातही हळद-साबण-लिंबाचा खेळ पुरा होता. अल्कलीने रंग हलते केले की काही वेळाने आम्लाचा एक थर ती अल्कली मारून टाकायचा आणि रंग जिथे पोचले तिथे थिजायचे.

पोलाकलर फिल्मचा निगेटिव्हचा भाग सुरुवातीला पोलरॉइडला कोण बनवून देत होतं? कोडॅक. एप्रिल १९७६ मध्ये त्याच कोडॅकने स्वतःचा झटपट कॅमेरा जाहीर केला आणि आठवड्याच्या आत पोलरॉइडने बॉस्टनच्या संघीय न्यायालयात दावा ठोकला. कोडॅकचं रसायन हुबेहूब तेच नव्हतं. त्यांची फिल्म रंग वेगळ्या मार्गाने मोकळा करायची. पण पेटंटं रंगाच्या रेणूपुरती नव्हती. फिल्मची रचना, कॅमेऱ्याची यंत्रणा, असं बरंच काही त्यांत होतं. कोडॅकच्या बचावात एक जुनंच अस्त्र होतं. ही पेटंटं मुळात द्यायलाच नको होती, यातलं बरंच काही सहज सुचण्याजोगं होतं.

इथे मात्र ते अस्त्र बरंचसं बोथट ठरलं. न्यायाधीश रिया झोबेल यांनी ७५ दिवस सुनावणी घेतली आणि १३ सप्टेंबर १९८५ ला सात पेटंटं वैध आणि त्यांचा भंग झालेला आहे, असा निकाल दिला. अपिलातही तो टिकला. ९ जानेवारी १९८६ ला कोडॅकला झटपट फोटोचा धंदा बंद करावा लागला. तोवर त्यांचे १ कोटी ६५ लाखांच्या आसपास कॅमेरे लोकांच्या घरात गेले होते, आणि त्या सगळ्यांना एका दिवसात फिल्म मिळेनाशी झाली. भरपाईचा हिशेब आणखी काही वर्षं चालला. १९९१ मध्ये ९२.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी १ मार्चला लँड गेले.

दोन्ही खटले शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. बाहेरच्या, बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने 'हे कोणालाही सुचलं असतं' म्हटलं तेव्हा त्याला विचारता आलं की मग तुम्हाला इतकी वर्षं का नाही सुचलं? लँड-रॉजर्स प्रकरणात हा प्रश्न विचारायला समोर कोणी प्रतिस्पर्धीच नव्हता. समोर होते ते त्यांचेच दोन कागद.

नंतर कायदा कसा हलला

युरोपात आणि भारतात ही अडचण या रूपात उभी राहत नाही. तिथे आणि इथे कुलपातला, अजून प्रसिद्ध न झालेला आधीचा अर्ज फक्त एका कामासाठी वापरता येतो. तोच शोध त्यात आधी आलेला आहे का, एवढं तपासायला. 'सहज सुचण्याजोगं' या कसोटीसाठी तो वापरता येत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २५ मध्ये या दोन हरकती वेगवेगळ्या मांडल्या आहेत. सहज सुचण्याची हरकत घ्यायची तर आधार प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा किंवा भारतात वापरात असलेल्या गोष्टीचा लागतो. जे कोणी वाचूच शकत नव्हतं त्यावरून कोणाला काय सुचलं असतं, हा प्रश्नच विचारायचा नाही. मला ही वाट जास्त सरळ वाटते.

अमेरिकेने भिंतीवरचे कागद ठेवले, पण घरच्या माणसांसाठी हळूहळू सूट दिली. १९८४ मध्ये कलम १०३ ला पुस्ती जोडली गेली की सहकाऱ्याचं काही प्रकारचं आधीचं काम, दोन्ही शोधांची मालकी एकाच कंपनीकडे असेल तर, सहज सुचण्याच्या कसोटीत विरोधात वापरता येणार नाही. पण लँड-रॉजर्सना ज्याने अडवलं ते, म्हणजे सहकाऱ्याचा आधी दाखल झालेला गुप्त अर्ज, या सवलतीच्या बाहेरच राहिलं. ते आत यायला १९९९ उजाडलं. २०११ मध्ये अमेरिकेने पेटंटची सगळी व्यवस्था 'आधी शोधला कोणी' वरून 'आधी अर्ज केला कोणी' कडे वळवली, तेव्हाही ही सवलत नव्या कायद्यात कायम ठेवली.

म्हणजे आज एखाद्या कंपनीत शेजारी-शेजारी काम करणाऱ्या दोघांनी तसाच संयुक्त अर्ज केला, आणि त्या दिवशी दोघांचेही एकेकट्याचे अर्ज अप्रसिद्ध असतील आणि सगळ्यांची मालकी त्याच कंपनीकडे असेल, तर परीक्षक ते दोन कागद भिंतीवर टांगू शकत नाही. त्याला बाहेर जाऊन दुसरं काहीतरी शोधावं लागेल. मात्र दोघांपैकी एखाद्याचा अर्ज त्याआधी वर्षभराहून जास्त काळ प्रसिद्ध होऊन पडला असेल, तर तो तिथे लटकलेलाच असतो, आणि मालकी कोणाची हे त्याला कोणी विचारत नाही.